चिनी छंग-यू: कोणते कौतुकाचे, कोणते निंदेचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छंग-यू या ठरीव, बहुधा चार अक्षरी चिनी शब्दप्रयोगांबद्दल चिनी शिकणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उच्चार पिनयिनच्या (चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीच्या) जवळ जातील असे देवनागरीत दिले आहेत. सूर दाखवलेले नाहीत, त्यामुळे अक्षरे आणि सूर शब्दकोशात पडताळून घ्यावेत. शब्दशः अर्थ सोबत दिला आहे. त्यावरून नोंद शोधणे सोपे जाते.

१. छंग-यू म्हणजे आपल्या म्हणीच ना?

तंतोतंत नाही. बहुतेक छंग-यू चार अक्षरांचे असतात आणि त्यांची रचना अभिजात चिनीतली असते. अक्षरे बदलता येत नाहीत, क्रमही हलवता येत नाही. वाक्यात ते क्रियापद, विशेषण किंवा क्रियाविशेषण म्हणून बसतात, त्यामुळे वापराच्या दृष्टीने ते मराठी वाक्प्रचारांना जास्त जवळ आहेत. म्हणींसारख्या पूर्ण विधानांना चिनीत यान-यू म्हणतात आणि अर्धे बोलून अर्धे सुचवणाऱ्या दोन तुकड्यांच्या उक्तींना श्ये-हौ-यू. हे गट वेगळे ठेवा, कारण इथे जो प्रश्न आहे तो मुख्यतः छंग-यूंनाच छळतो: अर्थ बरोबर असूनही वाक्य अपमानकारक होणे.

२. एखादा छंग-यू चांगल्या अर्थाचा आहे की वाईट, हे शब्दकोशात लिहिलेलं असतं का?

बऱ्याचदा असते. तीन संज्ञा ओळखीच्या करून घ्या: बाओ-यी म्हणजे गौरवाची छटा, ब्येन-यी म्हणजे निंदेची छटा, जोंग-शिंग म्हणजे तटस्थ. मुख्य भूमी चीनमधल्या ‘श्येनदाय हान्यू त्सत्येन’ या प्रमाण शब्दकोशात काही नोंदींच्या शेवटी ‘निंदाव्यंजक’ किंवा ‘बहुधा निंदाव्यंजक’ अशी कंसातली टीप असते. ती वाचल्याशिवाय नोंद सोडू नका. टीप नाही म्हणजे छंग-यू तटस्थ, असे मात्र समजू नका. पुष्कळदा निंदा व्याख्येतच दडलेली असते: ‘वाईट कामासाठी’, ‘दुर्जनांनी’, ‘अयोग्य गोष्टीमागे’ असे शब्द व्याख्येत दिसले, की निकाल लागला.

तैवानच्या शिक्षण मंत्रालयाचा छंग-यू कोश ऑनलाइन मोफत आहे आणि या कामासाठी तो फार उपयुक्त आहे. त्यात अर्थानंतर छटा नोंदवलेली असते आणि तो छंग-यू कोणत्या विषयासाठी वापरतात, तेही दिलेले असते. अक्षरे पारंपरिक लिपीत आहेत एवढे लक्षात ठेवा.

३. चित्रावरून अंदाज बांधता येत नाही का? ड्रॅगन म्हणजे चांगलं, कोल्हा म्हणजे वाईट?

कोल्हा, लांडगा आणि उंदीर असले तर अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. ‘हू ज्या हू वेइ’ (कोल्हा वाघाचा दरारा उसना घेतो) हा दुसऱ्याच्या जोरावर गुरगुरणाऱ्यासाठी आहे आणि तो निखालस निंदेचा आहे. पण यापुढे हा आडाखा टिकत नाही.

‘छ्युन लोंग वू शौ’ म्हणजे ड्रॅगनांचा कळप, पण म्होरक्या नाही. ड्रॅगन असूनही आजचा अर्थ नेतृत्वहीन गोंधळ. गंमत अशी, की ‘यी-जिंग’ या ग्रंथात याच शब्दांपुढे ‘शुभ’ असे लिहिले आहे. ‘यू गोंग यी शान’ (मूर्ख म्हातारा डोंगर हलवतो) यात ‘मूर्ख’ हा शब्द आहे, तरी छंग-यू चिकाटीच्या गौरवाचा. ‘लाओ मा शी थू’ (म्हाताऱ्या घोड्याला वाट ठाऊक) हे अनुभवी माणसाचे कौतुक आहे.

वाघाचे उदाहरण तर जरा थांबून बघण्यासारखे आहे. ‘रू हू थ्येन यी’ म्हणजे ‘जणू वाघाला पंख जोडले’. आधीच समर्थ असलेल्याला आणखी बळ मिळाले, असा त्याचा अर्थ, आणि चांगल्या संघात चांगला खेळाडू आला तर तो बिनधास्त वापरता येतो. ‘वेइ हू फू यी’ म्हणजे ‘वाघासाठी पंख लावणे’, आणि याचा अर्थ दुष्टाला साथ देणे. वाघ तोच, पंख तेच. पहिल्या अक्षराने ‘जणू’चे ‘-साठी’ केले आणि सगळी छटा उलटली. छटा चित्रात नसते. कोण कोणासाठी काय करतो, यात असते.

४. छटा चुकली तर नेमकं काय बिघडतं? परदेशी माणूस म्हणून समजून घेत नाहीत का?

गप्पांमध्ये समजून घेतात. लेखी अहवाल, आभाराचे भाषण, शिफारसपत्र किंवा शोकसंदेश यांत मात्र खटकते, कारण तिथे शब्द विचारपूर्वक निवडले आहेत असे गृहीत असते. चिनी शाळांतही ही चूक इतकी नेहमीची आहे, की विद्यापीठ प्रवेशाच्या गावखाव परीक्षेच्या तयारीत ‘गौरव-निंदेची गल्लत’ हा चुकांचा स्वतंत्र प्रकार म्हणून शिकवतात.

एक वाक्य जवळून पाहू. ‘आमच्या शिक्षकांनी आम्हाला उत्तीर्ण करण्यासाठी जिवाचे रान केले’ असे लिहायचे आहे. द्विभाषिक कोशात ‘खूप विचार करून, मन लावून’ असा अर्थ बघून विद्यार्थी ‘छू शिन जी ल्यू’ (मनात धरणे, विचार साचवणे) घेतो. व्याकरण बरोबर, शब्दशः अर्थही जुळतो. पण हा छंग-यू ‘गूल्यांग’ या प्राचीन इतिहासभाष्यातून येतो. इसवी सनपूर्व ७२२ मध्ये जंग राज्याच्या अधिपतीने सख्ख्या भावाचा काटा काढण्यासाठी मनात दीर्घकाळ डाव जपला, त्याबद्दल ते शब्द आहेत. चिनी वाचकाला वाक्य असे ऐकू येते: शिक्षकांनी कुटिल कारस्थान करून आम्हाला पास केले. इथे हवा होता ‘शा फेइ खू शिन’ (मनाचे कष्ट भरपूर खर्च करणे). कष्ट तेवढेच, पण हेतू सरळ.

५. अर्थ जवळजवळ सारखा पण छटा उलट, अशा जोड्या कोणत्या?

सर्वांत जास्त घोळ होतो तो बोलण्याविषयीच्या गटात. ‘खान खान अर थान’ म्हणजे शांतपणे, आत्मविश्वासाने बोलणे, हे कौतुक. ‘ख्वा ख्वा छी थान’ म्हणजे पोकळ फुशारक्या; ही निंदा. ‘थाओ थाओ बू ज्वे’ म्हणजे अखंड बोलत राहणे, आणि हा तटस्थ आहे. मुलाखत देणाऱ्याबद्दल लिहिताना पहिला वापरा. दुसरा लिहिलात, तर त्या माणसाला नोकरी मिळणार नाही.

इतर जोड्या:

- ‘स्वे जी यिंग ब्येन’ (प्रसंगानुसार बदलणे) हे प्रसंगावधान. ‘ज्येन फंग शी द्वो’ (वारा बघून सुकाणू वळवणे) हा संधिसाधूपणा.
- ‘य्वे य्वे यू शी’ म्हणजे काही करून पाहायला उत्सुक असणे. ‘छुन छुन यू दोंग’ म्हणजे गुन्हेगार किंवा शत्रू हालचाल करण्याच्या बेतात असणे. स्पर्धेपूर्वीच्या खेळाडूंना दुसरा लावणे ही पाठ्यपुस्तकी चूक आहे.
- ‘त्साय ज्ये त्साय ली’ म्हणजे नव्या जोमाने पुढे जाणे. तांग काळातल्या कोंबड्यांच्या झुंजीवरच्या कवितेतून हा आला, तरी आज शाबासकीचा. ‘ब्येन बन ज्या ली’ म्हणजे आधीपेक्षा जास्त वाईट वागणे. दोघांतही शेवटचे अक्षर ‘ली’ एकच असल्याने गल्लत होते.
- ‘वू वेइ बू जी’ (बारीकातली बारीक गोष्टही न सुटणे) काळजी घेण्याबद्दल. ‘वू स्वो बू जी’ (कुठेही पोहोचायचे न सोडणे) वाईट कृत्यांबद्दल. फरक एका अक्षराचा. ‘परिचारिकेने वू स्वो बू जी सेवा केली’ हे वाक्य त्या परिचारिकेवर आरोप ठरेल.

६. अक्षरं सगळी ओळखीची असूनही अर्थ उलटा का निघतो?

कारण अक्षराचा जुना अर्थ आणि आजचा अर्थ वेगळा असतो. याला चिनीत ‘वांग वन शंग यी’, म्हणजे अक्षरांकडे बघून अर्थ उपजवणे, असे म्हणतात, आणि हा छंग-यू स्वतःही निंदेचाच.

‘छा छ्यांग रन यी’ याचे उत्तम उदाहरण आहे. पहिल्या अक्षराचा आजचा अर्थ ‘निकृष्ट’, म्हणून अनेक चिनी भाषकसुद्धा याचा अर्थ ‘असमाधानकारक’ असा घेतात. मूळ अर्थ ‘बऱ्यापैकी समाधानकारक’ असा आहे. पूर्व हान घराण्याच्या सम्राट ग्वांग-वूने आपला सेनापती वू हान याच्याविषयी ते शब्द काढले होते. ‘बू खान जी लुन’ म्हणजे छापण्यालायक नसलेले मत नव्हे. पूर्वी बांबूच्या पट्ट्यांवरची अक्षरे खरवडून दुरुस्ती करत, त्या खरवडण्याला ‘खान’ म्हणत. म्हणून हे ‘एक अक्षरही खरवडावे लागणार नाही असे मत’, म्हणजे मोठी स्तुती. ‘वन बू ज्या द्येन’ म्हणजे विरामचिन्हे न देणारा लेखक नव्हे, तर खाडाखोड न करता एका बैठकीत लिहिणारा.

‘छी य्वे ल्यो ह्वो’ (सातव्या महिन्यात अग्नी सरकतो) छटेचा नाही, पण याच जातीचा आहे. कडक उन्हाळ्यासाठी तो सर्रास वापरतात. ‘शी-जिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहातला हा अग्नी म्हणजे ज्येष्ठा नक्षत्राचा लाल तारा. चांद्र सातव्या महिन्यात तो पश्चिमेकडे झुकतो, म्हणजे उन्हाळा ओसरतो.

७. मूळ कथेत स्तुती आहे, मग शब्दकोश निंदा का म्हणतो?

शब्दकोश आजचा वापर सांगतो, मूळ नव्हे. कथा वाचून छटा ठरवणाऱ्यांची फसगत इथेच होते.

‘मिंग जअ बाओ शन’ (सुज्ञपणे स्वतःला राखणे) ‘शी-जिंग’मध्ये जोंग शान-फू या मंत्र्याच्या गौरवासाठी आहे. पुढे अर्थ घसरत ‘स्वतःला झळ नको म्हणून गप्प बसणे’ इथवर आला. माओ त्से-तुंग यांनी सप्टेंबर १९३७ च्या ‘उदारमतवादाला विरोध’ या लेखात दोषांच्या यादीत तो घातला आणि निंदेची छटा आणखी पक्की झाली. आज एखाद्या अधिकाऱ्याला हे विशेषण लावणे म्हणजे त्याला भित्रा म्हणणे.

‘थान ग्वान श्यांग छिंग’ (टोपीवरची धूळ झटकून एकमेकांचे अभिनंदन) पश्चिम हान काळातल्या वांग यांग आणि गोंग यू या दोन मित्रांचा. एकाला पद मिळाले, तेव्हा आता आपल्यालाही बोलावणे येणार म्हणून दुसऱ्याने टोपी झटकली. मैत्रीची गोष्ट आहे. आज मात्र हा छंग-यू दुर्जनांनी सत्ता मिळाल्यावर केलेल्या जल्लोषासाठीच वापरतात. विजयी संघाच्या बातमीत तो घालू नका.

८. मराठी म्हण शोधून तिच्या जागी छंग-यू बसवला तर चालतं का?

काही ठिकाणी चालते. ‘जिंग दी जी वा’ (विहिरीच्या तळाचा बेडूक) आणि कूपमंडूक यांची छटा सारखीच. ‘द्वे न्यौ थान छिन’ (गायीपुढे वीणा वाजवणे) आणि ‘गाढवापुढे वाचली गीता’ हेही जवळ आहेत. फक्त चिनी वापरात कधी कधी ऐकणारा न ओळखता बोलणाऱ्यालाही टोला असतो.

सापळे मात्र महत्त्वाचे आहेत. ‘वांग यांग बू लाओ’ (मेंढी गेल्यावर गोठा दुरुस्त करणे) वाचताच मराठी माणसाला ‘बैल गेला नि झोपा केला’ आठवते आणि तो ‘आता काय उपयोग’ अशा अर्थाने ते वापरतो. चिनी अर्थ नेमका उलटा आहे. ‘जान-ग्वो-त्स’ या ग्रंथात ज्वांग शिन हा मंत्री छू राज्याच्या राजाला धीर देताना म्हणतो, की मेंढी गेल्यावर गोठा दुरुस्त केला तरी उशीर झालेला नाही. म्हणजे हा चूक वेळीच सुधारणाऱ्याची बाजू घेणारा छंग-यू आहे. ग्राहकाची तक्रार आल्यावर कंपनीने केलेल्या दुरुस्तीबद्दल तो आदराने वापरता येतो.

‘ज्ये ह्वा श्येन फो’ (उसन्या फुलांनी बुद्धाची पूजा) याला ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ समजू नका. कोणी दिलेली भेट पुढे देताना किंवा यजमानाच्याच मद्याने त्याला शुभेच्छा देताना माणूस स्वतःबद्दल नम्रपणे हे म्हणतो. आपल्या म्हणीतली बोच हवी असेल, तर पाच अक्षरांचा ‘खांग था रन जी खाय’ (दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे) आहे.

९. बौद्ध धर्मातून गेलेले छंग-यू आपल्याला सोपे जात असतील?

प्रतिमा सोपी जाते, छटा नाही. ‘थान ह्वा यी श्येन’ यातले ‘थान’ म्हणजे उदुंबर, आपला उंबरच. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये केलेल्या सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या अनुवादात बुद्धाचा उपदेश उंबराच्या फुलासारखा क्वचितच प्रकटतो असे म्हटले आहे. मराठीत ‘उंबराचे फूल’ अजून दुर्मीळतेचेच राहिले. चिनीत भर ‘दुर्मीळ’वरून ‘क्षणभर’वर सरकला, आणि आज हा छंग-यू चार दिवस चमकून विझलेल्यासाठी आहे. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राला तो लावू नका.

‘थ्येन ह्वा ल्वान ज्वे’ (स्वर्गातून फुले बरसणे) मूळ प्रवचनाच्या प्रभावाचे वर्णन; आज तो तोंडभरून, पण भुलवणाऱ्या बोलण्यासाठी आहे. ‘वू थी थौ दी’ (शरीराची पाच अंगे जमिनीला टेकणे) मात्र आदराचाच राहिला आहे: मनापासून मानणे.

१०. काही छंग-यू फक्त स्वतःबद्दल वापरायचे असतात, ते कोणते?

‘फाओ ज्वान यिन यू’ (वीट टाकून जेड मिळवणे): आपले मत मांडून इतरांची चांगली मते बाहेर आणणे. वीट नेहमी आपली. दुसऱ्या वक्त्याला ‘आपण आता वीट टाकलीत’ म्हणालात, तर त्याचे भाषण क्षुद्र ठरवले. ‘फंग बी शंग ह्वे’ (झोपडी उजळली) फक्त आपल्या घराबद्दल. उलट ‘दिंग ली श्यांग जू’ (तीनपायी भांडे पेलण्याच्या ताकदीने मदत) फक्त समोरच्याच्या मदतीबद्दल. ‘मी तुम्हाला दिंग ली मदत करीन’ ही बढाई होते.

‘यिन रोंग वान त्साय’ (आवाज आणि चेहरा जणू अजून इथेच) केवळ दिवंगतांसाठी आहे. जिवंत माणसासाठी तो कधीच नको.

११. वर्तमानपत्रं एका अर्थाने लिहितात, शब्दकोश दुसरं सांगतो. कोणाचं ऐकायचं?

परीक्षेत शब्दकोशाचे; वाचताना संदर्भाचे; लिहिताना शक्यतो दोघांनाही टाळून तिसरा शब्द घ्या.

‘जी शौ खअ रअ’ (हात लावला तर भाजेल) तांग काळातला कवी दू फू याच्या कवितेत यांग घराण्याच्या उद्दाम सत्तेबद्दल येतो. जवळ जाऊ नका, मंत्री रागावेल, असा तिथला इशारा आहे. आज बातम्यांत खपाऊ मोबाइलपासून नटापर्यंत सगळ्यांना तो लावतात. ‘छ्यू जी रुओ वू’ (बदकांसारखे धावणे) अयोग्य गोष्टीमागे झुंडीने लागण्याचा, तोही पर्यटनाच्या जाहिरातींत दिसतो. ‘खोंग श्वे लाय फंग’ (पोकळ बिळातून वारा येतो) याचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे. मूळ अर्थ ‘बीळ आहे म्हणून वारा आला’, म्हणजे अफवेला काही तरी कारण आहे. प्रचलित अर्थ ‘निराधार अफवा’. आता प्रमाण कोशानेही दुसरा अर्थ स्वीकारला आहे. दोन्ही अर्थ जिवंत असल्याने कायदेशीर किंवा व्यावसायिक मजकुरात तो वापरू नये.

१२. मोठ्या माणसांकडूनही ही चूक झाली आहे का?

झाली आहे. मे २००६ मध्ये तैवानचे तत्कालीन अध्यक्ष छन श्वे-ब्येन यांनी स्वयंसेवकांच्या कार्याचे कौतुक करताना ‘छिंग जू नान शू’ (सगळा बांबू संपवला तरी लिहून होणार नाही) वापरला. ‘सांगावे तेवढे थोडे’ असे त्यांना म्हणायचे होते. पण हा छंग-यू इ. स. ६१७ च्या सुमाराला स्वे घराण्यातल्या सम्राट यांगच्या पापांचा पाढा वाचणाऱ्या जाहीरनाम्यामुळे रूढ झाला आणि तेव्हापासून तो गुन्ह्यांसाठीच आहे. शिक्षणमंत्र्यांनी मूळ अर्थाच्या आधारे समर्थन केले, तेव्हा वाद आणखी वाढला. ‘शी त्स्वो योंग जअ’ (दफनाच्या बाहुल्या पहिल्यांदा करणारा) याचेही असेच होते: तत्त्वज्ञ मेंगत्सने उद्धृत केलेल्या कन्फ्यूशियसच्या शापातून तो आला, म्हणून वाईट प्रथा पाडणाऱ्यासाठी आहे, ‘आद्य प्रवर्तक’ म्हणून एखाद्या शास्त्रज्ञाला तो लावता येत नाही.

१३. निंदेचा छंग-यू मुद्दाम चांगल्या अर्थाने वापरता येतो का?

येतो; चिनी लेखक उपरोधासाठी किंवा लाडाने तसे करतात आणि लेखनात बहुधा अवतरणचिन्हे घालतात. पण वाचकाला ही उलटापालट जाणूनबुजून आहे हे कळले पाहिजे. भाषेवर तुमचा हात बसेपर्यंत वाचक तिला चूकच समजेल.

१४. कौतुक करायचंय आणि धोका नको. कोणते वापरू?

कामाबद्दल ‘यी स बू गौ’ (धाग्याइतकीही ढिलाई नाही) आणि ‘जिंग यी छ्यो जिंग’ (उत्तमाहून उत्तमाचा ध्यास). अडचणीत मिळालेल्या मदतीबद्दल ‘श्वे जोंग सोंग थान’ (बर्फात कोळसा पोहोचवणे). वयाने आणि मानाने मोठ्या व्यक्तीबद्दल ‘दअ गाओ वांग जोंग’ (सद्गुण उच्च, लौकिक मोठा). तिशीतल्या माणसाला हा शोभत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) यांच्यावर चिनीत निबंध लिहिणाऱ्यांना ‘ज्यू गोंग जिन त्स्वे’ (वाकून, शक्ती संपेपर्यंत सेवा) हवा असतो. तिथे तो अगदी योग्य आहे. स्वतःच्या नोकरीच्या अर्जात तो लिहू नये.

१५. इंटरनेटवरचे चार अक्षरी शब्दही छंग-यूच का?

नाहीत. ‘शी दा फू बन’ हा २०१३ च्या सुमाराला गाजलेला शब्द चार आनंदी पदांची पहिली अक्षरे जोडून केला आहे. दिसायला छंग-यू, पण निबंधात चूक धरतात, आणि पुष्कळदा तो दुसऱ्याच्या फजितीवरच्या आनंदासाठी वापरलेला असतो.

१६. पाठ करताना छटा लक्षात राहत नाही. वहीत काय लिहायचं?

‘अर्थ’ हा एकच रकाना ठेवला, की छटा निसटते. प्रत्येक छंग-यूसाठी पाच गोष्टी लिहा: अक्षरांचा शब्दशः अर्थ, आजचा अर्थ, छटा (बाओ, ब्येन की जोंग), कर्ता कोण असू शकतो, आणि उलट छटेचा जोडीदार. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो भरण्यासाठी पेकिंग विद्यापीठाच्या किंवा पेइचिंग भाषा व संस्कृती विद्यापीठाच्या ऑनलाइन वाक्यसंग्रहात छंग-यू टाका आणि पहिल्या वीसेक वाक्यांत फक्त कर्ता बघा. चोर, भ्रष्ट अधिकारी, आक्रमक सैन्य असेच कर्ते येत राहिले, तर शब्दकोशात टीप असो वा नसो, तो निंदेचा धरा. कर्ते मिसळलेले असतील, तर तटस्थ लिहा आणि शेजारी दोन्ही बाजूंचे एकेक वाक्य उतरवा. जोडीदार प्रश्न ५ मधल्यासारखे एकाच पानावर समोरासमोर ठेवा. वेगळ्या पानांवर गेले की परीक्षेत नेमकी त्यांचीच अदलाबदल होते.